बांधावरचं हळदीकुंकू

दिवाळीचे पाहुणे गेले, की घर एकदम मोठं वाटायला लागतं. डब्यातल्या चकल्या मऊ पडलेल्या असतात, अंगणातला किल्ला एका बाजूनं ढासळलेला असतो, आणि उरलेल्या पणत्या धुवून ठेवायचा मला कंटाळा आलेला असतो. सकाळी अंगाला गारवा झोंबतो आणि थोड्याच वेळात ऊन पाठ भाजून काढतं. ह्या दिवसांत कपडे वाळत घालायला मागच्या दारी गेले, की मी कारण नसताना मान वर करते आणि बांधावरच्या आंब्याकडं बघत उभी राहते. परवाही राहिले. शेंड्याच्या बाजूला, पार उंच, पांढरं काहीतरी तरंगत होतं. घाई नाही, गडबड नाही, लग्नात मिरवणाऱ्या वरमाईसारखं, सगळ्यांनी आपल्याला नीट बघावं अशा बेतानं. एक गिरकी घेऊन ते खालच्या फांदीवर उतरलं, पंख मिटले, आणि पांढऱ्याचं पिवळं झालं. काठाला लाल ठिपक्यांची रांग. आलं गं बाई, असं मी एकटीच मोठ्यानं म्हणाले. कोण आलं, म्हणून सुभेदारांनी आतून विचारलं. हळदीकुंकू आलं, म्हटलं. ते बाहेर आले, चष्मा कपाळावर ढकलून वर बघत राहिले आणि म्हणाले, सध्या एकच हजर दिसतंय, बाकीची पलटण मागनं येत असंल.

सुभेदार म्हणजे आमचे हे. फौजेतून येऊन त्यांनी खांद्यावर फावडं घेतलं, पण जिभेवरची परेड काही सुटली नाही. धार काढताना गायीलाही 'सावधान' म्हणतात, आणि ती बिचारी उभी राहते. मी शाळामास्तरीण होते, गावोगावच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावून निवृत्त झाले. आमचा मळा कुंडलच्या बाहेर. घरामागं आमचा ऊस, उसाला लागून बांध, बांधावर आंबा, आणि बांधापलीकडं शेजारच्या अण्णांची द्राक्षबाग. भूगोल एवढाच. पण काही वर्षांपूर्वी, ह्याच दिवसांत, ह्या एवढ्याशा भूगोलानं माझी झोप उडवली होती. आज ते हसत सांगता येतंय, हेच मोठं नशीब म्हणायचं.

आमच्या शिवारात दिवाळी पंचांगावर येत नाही, छाटणीवर येते. दोन माणसं वाटेत भेटली, की खुशाली नंतर, आधी 'छाटणी कवा?' छाटणी झाली की बागा उघड्याबोडक्या दिसतात, नुसत्या तारा, लोखंडी अँगल आणि तांबूस काड्या. मग हातमोजे घातलेल्या बायका काडीकाडीला फूट यायची पेस्ट लावत ओळीतून सरकतात, त्यांच्या गप्पांचा आवाज पहाटेपासून येतो, आणि बघता बघता डोळे फुटतात. कोवळी पोपटी पानं, हात लावला तर चुरगळतील अशी. आणि त्या पानांबरोबर औषधांचा वास. फवारणीच्या ब्लोअरची घरघर ऐकूनच आम्ही ह्या दिवसांत जागे होतो. बागायतदार माणूस ह्या काळात धड कुणाशी बोलत नाही. आभाळात एक ढग आला, की त्याच्या तोंडावर दहा येतात.

आम्ही ऊसवाले. ऊस म्हणजे आळशाचं पीक, लावलं की झोपा काढायच्या, असं अण्णा चिडवायचे. त्यावर सुभेदार म्हणायचे, तुमी बागेला जेवढं औषध पाजलंय तेवढं कधी घरच्या म्हाताऱ्याला पाजलं का? हे सगळं भांडण संध्याकाळी आंब्याखाली, कपबशी हातात घेऊन व्हायचं. अण्णा जैन. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नाहीत. म्हणून सुभेदारांनीही आपला संध्याकाळचा चहा उन्हात ओढून घेतला होता. मावळतीकडं एक डोळा ठेवून दोघं चहा प्यायचे, आणि शेवटचा घोट घेताना सूर्य किती वर आहे यावरही पैज लागायची.

तो आंबा कुणी लावला ते कुणालाच ठाऊक नाही. बांधावरचा, म्हणून अर्धा आमचा, अर्धा त्यांचा. उतरवायच्या दिवशी दोन्ही घरची माणसं जमायची. एका घरानं दोन वाटे घालायचे आणि दुसऱ्या घरानं हवा तो उचलायचा, म्हणजे वाटे घालणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. ह्या रिवाजामुळं आमच्यात आंब्यावरून कधी शब्द झाला नाही. नवी नवरी होऊन आले तेव्हा ते झाड बघून मला मात्र ह्या लोकांचा रागच आला होता. माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अलीकडं. आमच्या गावात झाडं इतकी कमी, की प्रत्येकाला नाव होतं. पत्ता सांगायचा तो म्हातारीच्या लिंबापास्नं, नाहीतर धाकट्या चिंचेपास्नं. गावातले बाप्ये मुंबईला, मागं बायका, म्हातारी माणसं आणि मेंढरं. माझे वडील सुट्टीला आले की सामान घेऊन आधी लिंबाखाली बसायचे आणि मग घरात यायचे. आई दारातून बघत राहायची, पण तिनं कधी हाक मारून घाई केली नाही. आणि इथं एवढं डेरेदार झाड, त्याला साधं नावसुद्धा नाही. सावलीची किंमत ज्यानं उन्हात काढली त्यालाच कळते.

त्या आंब्यावर बांडगूळ होतं. बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या फांदीवर बसून त्याचा रस पिऊन जगणारं झुडूप. आमच्याकडं फुकट्या पाहुण्यालाही हाच शब्द आहे. जाड, काळपट हिरव्या पानांचे झुबके, आणि थंडीच्या सुमाराला त्यांना शेंदरी नळीसारखी फुलं. एकदा ते काढायला पाहिजे, असं दर वर्षी कुणीतरी म्हणायचं आणि दर वर्षी ते राहून जायचं.

त्या वर्षी बाग अण्णांच्या मुलानं हातात घेतली होती. अभय. पोरगा हुशार, कष्टाळू, वागायला नम्र, फक्त बागेचं नाव निघालं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे. त्याला माल परदेशी पाठवायचा होता. त्या मालाचे नियम ऐकले तर माणूस द्राक्ष खायचंच सोडून देईल. घडात एखादा किडा सापडला तर सगळा माल परत, असं तो सांगायचा. त्यामुळं अभय डोळ्यांत तेल घालून ओळीतून फिरायचा. आणि एका सकाळी तो आमच्या दारात आला, हातात द्राक्षाचं पान, पानावर पिवळसर, पांढऱ्या लांब केसांचा, काळ्या डोक्याचा सुरवंट.

बांधाकडच्या ओळीत सगळीकडं हेच आहेत, म्हणाला. तारांवर, अँगलवर, पानांवर. पानांना भोकं पडलीत. वर बघितलं तर आंब्यावर शेकड्यानं लोंबतायत. हे झाड म्हणजे किडीचं माहेरघर झालंय, आज ना उद्या सगळी बाग खातील. त्यानं मोबाईलवर शोधून तसलेच केसाळ सुरवंट दाखवले, अमक्या देशात त्यांनी अमकं पीक संपवलं, असं खाली लिहिलेलं. मी म्हटलं, बघू या की, नीट बघू या. पण तो बघून झाला होता. बागेवर झाडाची सावली पडते, कडेची ओळ कायम मागं राहते, हे त्याच्या मनात आधीपासून सलत होतंच. आता कारण मिळालं.

"अर्धं झाड आमचं हाय, काकी," तो म्हणाला. "आमची बाजू आमी काढतो. तुमची तुमी ठेवा."

सुभेदार तोवर बाहेर येऊन ऐकत उभे होते. अर्धं झाड काढता येतं व्हय रं, असं त्यांनी आधी शांतपणानं विचारलं. मग शांतपणा संपला. फांदीला कोयता लावून तर बघ, इथपर्यंत गोष्ट गेली. अभयचा आवाज चढला, ह्यांचा त्याच्यावर चढला, आवाज ऐकून अण्णा बांधावर आले आणि मुलाची बाजू घ्यावी की मित्राची, ह्या पेचात काहीच बोलले नाहीत. सुभेदारांना तेच लागलं. त्या संध्याकाळी अण्णा चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी उन्हातच चहा करायला लावला आणि मागच्या दारी एकटेच पाठ करून प्यायले.

आंबा जाईल, याची भीती मला होतीच. पण खरी भीती वेगळी होती. बांधावरून मोडलेली घरं मी शाळेच्या नोकरीत गावोगाव बघितली आहेत. सुरुवात अशीच होते, एका फांदीवरून, वितभर मातीवरून. मग मोजणी येते, मग वकील येतो, मग लग्नाच्या पत्रिका बंद होतात, आणि शेवटी एका घरात मयत झालं तरी दुसऱ्या घराचं दार लावलेलं राहतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला तेच दिसायचं, लावलेलं दार. सुभेदारांना सांगायला जावं तर ते भिंतीकडं तोंड करून, झोप लागल्यासारखं दाखवत पडलेले. फौजेत राहिलेल्या माणसाला माघार शिकवलेली असते म्हणतात. तो धडा झाला त्या दिवशी ह्यांची रजा असणार.

मग अण्णाच एका दुपारी आले, सुभेदार पाटावर पाणी धरायला गेलेले बघून. ओट्याच्या कडेला टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. अभयला त्यांनी पौर्णिमेपर्यंत थांबवलं होतं, सुरवंटांवरचं औषध आणि कोयता दोन्हीपासून.

"वैनी, ह्यो कसला जीव हाय आणि खातो काय, एवढं बघा," ते म्हणाले. "बाग खात नसंल तर मी पोराला आवरतो. खात असंल तर माझा इलाज न्हाई."

मी बघते म्हटलं. बघणार काय, कपाळ! आयुष्यभर पोरांना फुलपाखराच्या चित्रात रंग भरायला लावले, पण अळी बघून ती कोणाची, हे ओळखायची वेळ कधी आली नव्हती. मग मला नलू आठवली. नलू माझी दहिवडीच्या शाळेतली मैत्रीण. साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, आणि अजूनही टोपी घालून डोंगर हिंडणारी. तिला फोटो पाठवला. चांगला जवळून, केस न् केस दिसेल असा. मला वाटलं, आता नाव येईल. आलं ते उलट बोलणं. फोटोत पान कुठाय, तिनं विचारलं. अळीच्या तोंडाकडं बघून मी काय ओळखू, दिसायला बहिणी बहिणी असतात त्या. ती जेवते कुठं ते आधी सांग, मग नाव सांगते. मी म्हटलं, द्राक्षाच्या पानावर सापडली. ती म्हणाली, सापडणं निराळं आणि जेवणं निराळं. तू बँकेत सापडतेस, म्हणून काय नोटा खातेस का?

तर अशी ती परीक्षा सुरू झाली. दिवाळीच्या मिठाईचा रिकामा खोका घेतला, वरून जुन्या साडीचा तुकडा ताणून बांधला. आत एका बाजूला द्राक्षाचं कोवळं पान, दुसऱ्या बाजूला आंब्याचं. अभयनं स्वतः कडेच्या ओळीतले चांगले लठ्ठ सुरवंट वेचून आणून घातले. माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता असं नाही, पण बागेच्या बाबतीत तो देवावरही ठेवत नसे. दुसऱ्या दिवशी बघितलं, पानं जशीच्या तशी. मला आनंद झाला. तिसऱ्या दिवशीही पानं तशीच, पण सुरवंट खोक्याच्या कडांना चिकटून बसलेले, आखडलेले, हलत नव्हते. उपोषणाला बसले, असं सुभेदार म्हणाले, खोक्याकडं न बघितल्यासारखं करून. मी अभयला पानं दाखवली. त्यानं ती उलटसुलट केली.

खोक्यात कोंडल्यावर कोण जेवंल, काकी, तो म्हणाला. तुमाला कोंडलं तर तुमी जेवाल का?

मी साडीचा तुकडा परत बांधला. पण सुरवंट मरणार असं दिसत होतं, आणि अण्णांना काय सांगायचं, जीव ओळखायला घेतला आणि घालवला? सकाळी उठून आधी साडीचा तुकडा बाजूला केला, तर सुरवंट नव्हतेच. त्यांच्या जागी पिवळेधमक कोष, काळ्या ठिपक्यांचे, कमरेला एक बारीक धागा बांधून भिंतीला टेकलेले. सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा बघायला वडलांबरोबर एकदा गेले होते, तो रंग तेव्हापासून डोळ्यांत आहे, अगदी तसा. नलूला कळवलं तर ती फोनवर खो खो हसली. अगं, त्यांचं जेवण कधीच आटपलं होतं, म्हणाली. पोट भरल्यावर ते झाडावरून उतरतात आणि कोष करायला आडोसा शोधतात. भिंत असो, तार असो, शेजाऱ्याची बाग असो. पोट भरलेल्याला काय विचारतेस, जे अजून भुकेले आहेत त्यांना विचार. आणि जाता जाता एक प्रश्न टाकला, आंब्यावर दुसरं काही वाढलंय का गं?

भुकेले होते ते आंब्यावर, आणि आंब्यावरही नेमके अण्णांच्या बाजूच्या फांदीला. आता झाडावर चढणार कोण? अभय चढणार नव्हता, त्याला झाड राखायचंच नव्हतं. सुभेदार धोतराचा काच्या मारून उभे राहिले. ह्या वयात? मी सगळं बोलून घेतलं, गुडघ्याचं, डॉक्टरांचं, मोडलेल्या हाडाला कोण दाबत बसणार त्याचं. ऐकतात कुठं. बांधापलीकडं पाऊल टाकणार नाही अशी त्यांनी मनाशी शपथ घेतलेली होती, म्हणून आमच्या बाजूनं चढले आणि वरच्या वर, हवेतून, अण्णांच्या हद्दीत शिरले. शपथही मोडली नाही आणि हद्दही ओलांडली. मी खाली उभी राहून देवाचं नाव घेत होते. आणि बागेच्या आतून, वेलींच्या ओळीतून अण्णांचा आवाज आला.

"सुभेदार, ती फांदी किडकी हाय. डावीकडनं घ्या."

मग ह्यांनी पाय उचलला आणि डावीकडच्या फांदीवर ठेवला. किती दिवसांनी एकानं दुसऱ्याला काही सांगितलं होतं आणि दुसऱ्यानं ते ऐकलं होतं. मला तिथंच रडू यायला लागलं, पण रडले असते तर वरचा माणूस खाली बघायचा आणि पडायचा, म्हणून पदर तोंडात धरून उभी राहिले.

ह्यांनी फांदी हलवली मात्र, आणि आम्ही तिघं बघतच राहिलो. बांडगुळाच्या झुबक्यातून सुरवंटांनी एकदम खाली उड्या टाकल्या, प्रत्येक जण आपल्या धाग्याला धरून, आणि सगळे हवेत लोंबकळायला लागले. ऊन मागून येत होतं, धागे दिसत होते न दिसत होते. एक अण्णांच्या नाकासमोर येऊन थांबला. अण्णा मागं सरले नाहीत. श्वास धरून उभे राहिले, आणि थोड्या वेळानं तो आल्या धाग्यानं वर चढायला लागला तेव्हा त्यांनी सोडला. सुभेदारांनी बांडगुळाची एक फांदी तोडून खाली टाकली. त्या पानांच्या खालच्या अंगाला छोटे छोटे सुरवंट एकमेकांना चिकटून ओळीनं बसलेले होते, पंगतीला बसल्यासारखे, आणि खात होते. नलूचा तो शेवटचा प्रश्न मला तेव्हा कळला.

नवा खोका, तीन पानं. द्राक्षाचं, आंब्याचं, बांडगुळाचं. यावेळी खोका मी आमच्या घरात ठेवला नाही, बांधावरच आंब्याच्या बुंध्याशी ठेवला, म्हणजे दोन्ही घरांच्या डोळ्यांसमोर. दुपारपर्यंत सगळे बांडगुळावर. अण्णा येऊन बघून गेले, सुभेदार येऊन बघून गेले, वेगवेगळे. अभय सगळ्यात शेवटी आला. त्यानं बांडगुळाचं पान काढून घेतलं आणि नुसतं द्राक्षाचं ठेवलं. सुरवंट त्याच्यावर चढले, इकडं गेले, तिकडं गेले, माना हलवून हलवून शोधलं आणि उतरले. उन्हं कलेपर्यंत एकानंही दात लावला नाही. त्यानं बांडगुळाचं पान परत आत टाकलं. तहानलेली गुरं हौदावर जातात तसे सगळे तिकडं वळले.

अभय खोक्याशी उकिडवा बसला होता, तोवर अण्णाही परत आले होते. मग भोकं कुणी पाडली, असं त्यानं अण्णांना विचारलं. उडद्यानं, अण्णा म्हणाले. उडद्या म्हणजे बारीक भुंगेरा, कोवळी फूट कुरतडतो, दर छाटणीला येतो, आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मी पहिल्याच दिवशी सांगत होतो, म्हणाले, पण ऐकायला कान मोकळे पाहिजेत. अभयनं कपाळाला हात लावला. साप साप म्हणून भुई धोपटत हुतो काकी, असं तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. दिवस अजून हातभर वर होता, अण्णा आणि हे आंब्याखाली बसले होते, दोघांत कुणीच माफी मागितली नव्हती, आणि उसाच्या भावावरून चांगलं जोरात भांडण चाललं होतं. ते भांडण ऐकत मी मागच्या दारात नुसती बसून राहिले. स्वयंपाकही सुचेना. अंगावरचं सगळं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यावर हात रिकामे रिकामे वाटतात, तसं झालं होतं.

पहिल्या खोक्यातलं फुलपाखरू पौर्णिमेच्या आधीच निघालं. पंख ओले, चुरगळलेले. खोक्याच्या काठावर बसून त्यानं ते वाळवले. वरून पांढरे, काळ्या रेघांचे. मिटले की खालून पिवळे, आणि काठाला कुंकवाच्या रंगाचे ठिपके. नलूला व्हिडिओवर दाखवलं. अगं, हे तर हळदीकुंकू, ती म्हणाली, आपल्याकडं सगळीकडं असतं, फक्त उंचावरून उडतं म्हणून कुणी मान वर करून बघत नाही. बांडगूळ जिथं, तिथं हे. पाखरांना त्याची चव कडू लागते, म्हणून कुणाला भीत नाही, निवांत उडतं. त्या दिवसापासून मी वर बघायला लागले ती अजून बघते.

मग बांडगूळ काढायचं ठरलं, कारण ते झाडाला खातं हे खोटं नव्हतं. पण अण्णा म्हणाले, पंगत उठल्याशिवाय पत्रावळ काढायची नाही. सगळे उडून गेल्यावर सुभेदारांनी खालचे झुबके उतरवले आणि शेंड्याकडचा एक तेवढा राहू दिला. शिडी पोचत नाही, असं कारण सांगितलं. शिडी पोचत होती.

पण त्याच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. कडेच्या ओळीत, तारांवर आणि पानांखाली, अजून पुष्कळ कोष होते, आणि थ्रिप्सच्या फवारणीचे दिवस आले होते. ती कीड दिसत नाही इतकी बारीक, पण औषध चुकलं तर मण्यावर तपकिरी चट्टे पडतात आणि तो माल मग विचारायला कुणी येत नाही. फवारू नको, असं बागायतदाराला कोणत्या तोंडानं सांगायचं? झाड राहिलं, घरं राहिली, त्यावर आणखी मागणं मला जमलं नाही. पहाटे ब्लोअरची घरघर सुरू झाली तशी मी मागच्या दारी येऊन उभी राहिले. ट्रॅक्टर ओळीमागून ओळ घेत बांधाकडं यायला लागला. औषधाचं धुकं माझ्यापर्यंत आलं. शेवटच्या आधीच्या ओळीला अभयनं ब्लोअरचा बांधाकडचा नळ बंद केला, ओळ संपवली, ट्रॅक्टर वळवला आणि घराकडं गेला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. ब्लोअरचं काहीतरी नादुरुस्त असेल, असं मी मनाला सांगितलं. पण पुढच्या वेळीही तो तिथूनच वळला.

माल निघाला तेव्हा ऊन चांगलं तापायला लागलं होतं. बाग चांगली उतरली, गाड्या भरून गेल्या. दुपारी अभय आमच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला, खांद्यावर एक क्रेट. खाली ठेवला. घडावर घड, आणि मण्यामण्यावर तपकिरी चट्टे, खरवडल्यासारखे. कडेच्या ओळीचा माल, म्हणाला, व्यापारी घेत न्हाई. मी विचारलं, का रं सोडलीस ती ओळ? अण्णांनी सांगितलं होतं का?

त्यानं नाही म्हणून मान हलवली, मग मान खाजवली.

"एवढं झाड तोडाय निघालो हुतो काकी," तो म्हणाला. "त्या मानानं एक ओळ काय..."

सुभेदारांनी सरकून ओट्यावर जागा केली आणि हाताला धरून त्याला खाली बसवलं. मग एक घड उचलला, एक मणी तोडून तोंडात टाकला. सावलीतल्या ओळीला साखर भरत नाही, हे बागेतलं लहान पोरही सांगेल, आणि अभयला तर ते कुणी सांगायची गरजच नव्हती. तो ह्यांच्या तोंडाकडं बघत होता. सुभेदारांनी मणी सावकाश चावला, गिळला आणि दुसरा तोडला. शिडीची गोष्ट सोडली, तर ह्या माणसाला खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"गोड हायत रं," ते म्हणाले.

मीही एक खाल्लं. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. ते आंबटपणाचं, असं समजून अभय माझ्याकडं बघून ओशाळला. मी दुसरं तोंडात टाकलं आणि म्हटलं, लय गोड.